त्र्याऐंशी नंबरची हजेरी

नितेश वानखडे कुठल्याही गोष्टीला चटकन हो म्हणणाऱ्यांतला नव्हता. लग्नाला हो म्हणायला त्याने आठ दिवस घेतले होते आणि दिवाणखान्याच्या रंगाला महिना. पण २००८च्या भाऊबिजेला, सासऱ्यांच्या ओट्यावर चहाचा दुसरा कप हातात असताना, तो विचार न करता हो म्हणून गेला, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका होकारातून झाला.

सासरे म्हणजे रामराव. बार्शीटाकळीपासून तीन कोसांवर सावरखेडला त्यांची काळी जमीन. कापूस वेचून आला की त्यांच्या घरात माणसांना जागा उरत नसे. पुढची खोली आढ्यापर्यंत भरायची, मंडळी पडवीत जेवायची, आणि जावई आला की त्याच्यापुरती खुर्चीएवढी जागा कापसातून कोरून काढली जायची. हा कापूस विकायचा म्हणजे बार्शीटाकळीच्या खरेदी केंद्रावर गाडी न्यायची, नंबर घ्यायचा आणि थंडीत चार-चार दिवस बैलांसकट रांगेत पडून राहायचं. शेतीला ते दिवस वाईटच होते. शेतकऱ्याचं काय करावं हे ठरवायला मोठमोठ्या शहरांतून माणसं येत, बांधावर उभी राहून फोटो काढून घेत आणि जात. पण गाडीखाली झोपणाऱ्याला त्याचा नंबर कधी लागेल, हे सांगणारा त्यांच्यात एकही नव्हता.

ते सांगण्याची जबाबदारी अमरावतीच्या साईनगरात कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या नितेशवर येऊन पडली. पूर्णामाय शेतमाल संस्थेची दोन खरेदी केंद्रं होती, एक वलगावला आणि एक बार्शीटाकळीला. मागच्या हंगामात संस्थेने हातात धरायची दोन यंत्रं घेतली होती, विटेएवढी जाड, काडीने टोचून चालवायची. त्यांच्यातलं सॉफ्टवेअर नितेशने लिहिलं होतं. यंत्रात तीन पानं होती. एकावर आलेल्या गाडीला नंबर मिळे, दुसऱ्यावर वजन चढे आणि तिसऱ्यावर हजेरी लागे. यंदा संस्थेचे सचिव पुंजाजी यांनी पत्र पाठवून कळवलं होतं की यंत्रात इंटरनेट टाकावे. वरणात मीठ टाकावे, इतक्या सहजपणे त्यांनी ते लिहिलं होतं.

"जवाईबुवा," रामराव म्हणाले, "तुमी त्या मशीनमंदी इंटरनेट टाकून राहिले म्हनतात. मंग आपला नंबर घरी बसल्या कळन काय?"

"हो," नितेश म्हणाला.

"मंग यंदा गाडीखाली झोपाचं काम नाई."

एवढंच बोलणं झालं. पण रामरावांनी ते संध्याकाळपर्यंत गावभर केलं. आमचा जावई इंजिनेर आहे आणि यंदा नंबर घरी येणार आहे, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. सावरखेडला नितेशला सगळे इंजिनेरच म्हणत. त्याचं शिक्षण डिप्लोमापर्यंतचं होतं, पण कोणी सांगायला गेलं नाही आणि तोही गेला नाही. भल्या सकाळी गोठ्याकडूनसुद्धा "इंजिनेर, ए इंजिनेर" असा पुकारा ऐकू यायचा. खेड्यात विद्येला अजून मान आहे, असं अंथरुणात पडल्या पडल्या त्याला वाटायचं आणि बरं वाटायचं.

अमरावतीला परतल्यावर कामाला सुरुवात झाली. यंत्राला इंटरनेटशी बोलता यावं म्हणून त्याच्या सॉफ्टवेअरला काही तयार तुकडे जोडावे लागतात. नितेश त्यांना नेटवर्कचे घटक म्हणे. त्याची बायको जमुना सुटे भाग म्हणे. हे सुटे भाग परदेशातल्या कुठल्याशा ठिकाणाहून उतरवून घ्यायचे होते आणि साईनगरात भारनियमन होतं. नव्वद टक्के उतरले की वीज जाई, आली की पुन्हा पहिल्यापासून. असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी वीज गेली की शेजारचे खुशालराव कंदील घेऊन येत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीनंतर त्यांचा सगळ्या खात्यांचा अभ्यास झाला होता. यंत्राला तांब्याची तार बांधून ती ओल्या जमिनीत पुरा, म्हणजे नेट खेचलं जाईल, असं त्यांचं मत होतं. कंदिलाच्या उजेडात नितेशला करण्यासारखं दुसरं काही नसे, म्हणून तो ऐकून घेई.

पुढची अडचण सिमकार्डाची. यंत्राला सिमकार्ड हवं म्हटल्यावर दुकानातल्या माणसाने अर्ज पुढे केला. त्यात वापरणाऱ्याचं नाव, वडिलांचं नाव आणि अलीकडचं छायाचित्र मागितलं होतं. वापरणारं यंत्र आहे, त्याला वडील नाहीत, हे नितेशने समजावून सांगितलं. दुकानदाराने शांतपणे विचारलं, मग ते सज्ञान आहे का? शेवटी दोन्ही सिमकार्डं पुंजाजींच्या नावावर घ्यावी लागली. त्यानंतर दर दोन दिवसांनी यंत्राला कुठूनतरी वाढदिवसाच्या योजनेचे निरोप येत.

खरी अडचण उस्मानने काढली. उस्मान म्हणजे नितेशचा पॉलिटेक्निकमधला जोडीदार. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि नेटचं कार्ड बसवायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने यंत्र उघडलं, भिंगातून पाहिलं आणि सांगितलं की खाच एकच आहे. तिच्यात एकतर मेमरी कार्ड बसेल, नाहीतर नेटचं कार्ड. म्हणजे जे काय साठवायचं ते यंत्राच्या पोटात मावलं पाहिजे, आणि पोट लहान आहे.

नितेशने पोट मोजलं. नेटवर्कचे घटक घातले की तीन पानांपैकी दोनच मावत होती. तो दोन दिवस डोकं धरून बसला. तिसऱ्या दिवशी वीज गेली आणि कंदील आला. खुशालरावांनी तिन्ही पानं समजावून घेतली. नंबर कशाला? नंबर द्यायला. वजन कशाला? कापूस मोजायला. हजेरी कशाला? रांगेत नंबर घेऊन माणसं पळून जाऊ नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ नावं पुकारायला. ओळीने दोन हजेऱ्या चुकल्या की नंबर कटतो. खुशालराव म्हणाले, अहो, नंबर घरी कळणार तर माणूस रांगेत कशाला थांबेल? आणि थांबणार नसेल तर हजेरी कोणाची घेता?

वीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढलेला माणूस एकदाच बरोबर बोलला असं नितेशला वाटलं. त्याने हजेरीचं पान काढून टाकायची परवानगी संस्थेकडे रीतसर मागितली. संचालक मंडळाने ठराव केला, पुंजाजींनी शिक्का मारला आणि पत्र आलं. या सगळ्या कागदांत नत्थुजीचं नाव कुठेच नव्हतं, कारण नत्थुजी संस्थेचा कोणीच नव्हता. वीस वर्षं बार्शीटाकळीच्या रांगेची हजेरी तो वहीतून घेत आला होता. त्याला कोणी नेमलं नव्हतं म्हणून कोणी काढूही शकत नव्हतं. मागच्या वर्षी यंत्र हजेरी घेऊ लागलं तेव्हा त्याने वही पिशवीत घातली आणि हंगामभर रांगेच्या कडेला तंबाखू मळत बसून राहिला. वही मात्र रोज बरोबर आणत होता.

डिसेंबरातल्या एका बुधवारी यंत्र सुरू झालं. नितेशच्या घरी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बार्शीटाकळीचा चालू नंबर उमटला, चाळीस. खाली शेऱ्याची एक ओळ होती. काटा बंद पडला वगैरे झालं तर कारकुनाने ते तिथे लिहायचं. जमुनाने पडद्याला हळद-कुंकू लावलं. रामरावांना त्याच सकाळी त्र्याऐंशी नंबर मिळाला होता. ते तसेच गाडी वळवून घरी गेले, आणि जाताना रांगेतल्या आणखी चाळीस जणांना बरोबर घेऊन गेले. इंजिनेरचा शब्द आहे, म्हणाले. केंद्र शनिवारी दुपारी बंद होणार होतं, कारण जिनिंगच्या कारखान्यात कापूस ठेवायला जागा उरली नव्हती. त्यानंतर पुन्हा कधी उघडेल ते पुंजाजींनाही माहीत नव्हतं. पण शनिवारी दुपारच्या आत त्र्याऐंशी नक्की लागत होता.

घरी बसल्या नंबर कळतो म्हणजे कसा कळतो, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता. सावरखेडला कॉम्प्युटर नव्हता. म्हणून रामराव लेकीला फोन करून विचारू लागले. मग बाकीचे चाळीस जणही रामरावांच्या लेकीला फोन करून विचारू लागले. गुरुवारी सकाळपासून घरचा फोन वाजायचा थांबला नाही. जमुना एका हाताने पोळ्या लाटायची आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून पंचावन्न, पंचावन्न, भाऊ, अजून पंचावन्नच, असं सांगायची. संस्थेच्या पत्रात ज्याला इंटरनेट म्हटलं होतं ते प्रत्यक्षात जमुनाच होती, आणि तिला दुपारी झोपायला मिळालं नाही.

त्यात केंद्रावर नेट फक्त कापसाने भरलेल्या गाडीच्या वर चढलं तरच लागायचं. कारकून जाडा होता. तो दोन-दोन तास चढायचाच नाही आणि मग एकदम चढून सहा नंबर पुढे ढकलायचा. उस्मान गुरुवारी दिवसभर तिथेच अँटेना लावत होता. संध्याकाळी त्याचा नितेशच्या मोबाईलवर फोन आला.

"अबे नितेश, मशीनमधलं हजेरीचं पान कुठं गेलं?"

"काढलं. जागा नव्हती."

"तू पान काढलं, नत्थुजीनं वही काढली. आता घेतली त्यानं हजेरी. जे थंडीत पडून होते ते सगळे खुश झाले. घरी गेलेल्या एक्केचाळीस जनायची एक गेली. तुह्या सासऱ्याचीबी. सकाळी नऊले दुसरी हाय. तेबी चुकली का नंबर कटला, मामला खतम."

यंत्रात नाही म्हणजे हजेरीच नाही, असं नितेशने धरलं होतं. यंत्र येण्याच्या आधीही जगात हजेरी होती हे तो विसरला होता. आता खरं म्हणजे त्याने बायकोला सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे कबूल करायचं. ज्या जावयाचा शब्द घेऊन सासरे घरी जाऊन निजले त्याच जावयाने त्यांचा नंबर घालवला, हे जमुनाच्या तोंडावर बोलायला त्याची जीभ रेटेना. त्याने रामरावांना एकदा फोन लावला. सावरखेडची वीज गेलेली होती आणि फोन बंद होता. नितेशला मनातून सुटल्यासारखं झालं, आणि त्याची लाजही वाटली. अकोल्याला संस्थेची मीटिंग आहे असं सांगून तो पहाटेच्या पहिल्या बसने निघाला. नऊच्या आत पोचायचं आणि सासऱ्यांच्या नावाला आपण हाजर म्हणायचं, एवढा साधा त्याचा बेत होता.

मूर्तिजापूरच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला होता. बस पाऊण तास जागची हलली नाही. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी नितेशचा चेहरा पाहून विचारलं, घरी कोणी आजारी आहे का? नितेशने हो म्हणून टाकलं, कारण खरं सांगायला वेळ लागला असता. मग त्या गृहस्थांनी आपल्या मेहुण्याच्या मूतखड्याची हकीकत अकोला येईपर्यंत सांगितली. अकोल्याला आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. उस्मान स्कूटर घेऊन उभा होता. ती उतारावर ढकलल्याशिवाय सुरू होत नसे, म्हणून आधी मोर्णेच्या पुलापर्यंत दोघांनी ती ढकलत नेली. बार्शीटाकळीच्या रस्त्यावर नितेश दर मिनिटाला घड्याळ बघत होता आणि उस्मान सांगत होता की घड्याळ बघून स्कूटर जोरात जात नाही.

केंद्राच्या फाटकात शिरले तेव्हा हजेरी सुरू होती. नत्थुजी एका उपड्या पिंपावर उभा होता, डोक्याला मफलर, हातात फाटक्या पुठ्ठ्याची वही. तो नंबर आणि नाव पुकारायचा, रांगेतून हाजर आलं की बरोबरची खूण करायचा, नाही आलं की तीनदा पुकारायचा आणि मग निळ्या पेन्सिलीने नाव खोडायचा. सत्त्याहत्तर खोडला गेला. एकोणऐंशी खोडला गेला. रांगेतले लोक एकेक रेघेसरशी मनात पुढे सरकत होते.

"त्र्याऐंशी. रामराव किसनजी, सावरखेड."

"हाजर," नितेश धापा टाकत म्हणाला.

नत्थुजीने चष्म्यावरून पाहिलं. रांगेनेही मान वळवून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, बूट आणि खिशाला पेन अशी हजेरी त्या रांगेत यापूर्वी लागलेली नव्हती.

"तुमी कोन?"

"रामरावांचा जावई."

"असान. रामराव नसन तर त्याच्या घरचा मानूस चालते, तसा कायदा हाय," नत्थुजी म्हणाला. "जवाई घरचा मानूस नाई. जवाई पावना रायते. पावन्याची हजेरी लागत नाई."

रांगेत माना हलल्या. हा कायदा लिहिलेला कुठेच नव्हता आणि सगळ्यांना पाठ होता. नितेशने पुंजाजींकडे पाहिलं. पुंजाजी कचेरीच्या दारात उभे होते. हजेरीचा विषय मंडळाच्या ठरावाने संस्थेच्या कक्षेबाहेर गेला आहे, असं म्हणून ते आत गेले. नितेश गयावया करू लागला. आपण अकरा वर्षं त्या घरात येतो-जातो, म्हणाला. नत्थुजीने ते ऐकून घेतलं आणि पेन्सिल कानावर ठेवली.

"अकरा वर्सं खाल्लं ना त्या घरचं? मंग रामरावच्या बैलायची नावं सांगा. घरच्या मानसाले बैलायची नावं ठाऊक रायतात. माही वही दोनशे चौदापर्यंत हाय. तवर मुदत."

आणि तो पुढे पुकारू लागला.

अकरा वर्षं. नितेशला त्या घरच्या पाहुणचारातला एकेक पदार्थ आठवत होता, पडवीतली त्याची नेहमीची खाट आठवत होती, अंघोळीला काढून ठेवलेलं पाणी आठवत होतं. गोठ्यात तो एकदाही गेला नव्हता. बूट खराब होतील म्हणून जमुनाच नको म्हणायची. बैल दोन होते आणि त्यातला एक पांढरा होता, याच्या पलीकडे त्याचं ज्ञान जात नव्हतं. रांगेत निदान पाच माणसं सावरखेडच्या आजूबाजूची असावीत, कारण त्यांचे चेहरे हसू दाबून तांबडे झाले होते. पण कोणी सांगेना.

त्याने घरी फोन लावला. फोन गुंतलेला होता. साहजिकच होतं, चाळीस माणसं चालू नंबर विचारत होती. पुन्हा लावला, पुन्हा गुंतलेला. नत्थुजी एकशे एकवर पोचला. घरात मोबाईल एकच, आणि तो नितेशच्या हातात होता. सासऱ्यांचा फोन अजून बंदच होता. शेजारी म्हणून खुशालरावांना लावला, तर त्यांनी आधी यंत्राला तार पुरली का ते विचारलं. जमुनाला फोन ठेवायला सांगा, असं नितेश घायकुतीला येऊन म्हणाला. खुशालराव म्हणाले, पूजा आटोपून जातो. एकशे सव्वीस झाले. नितेशच्या शर्टाची पाठ थंडीत ओली झाली होती. आपलं नाक कापलं जाणार याचं त्याला आता काही वाटेनासं झालं होतं. कापसाच्या ढिगाऱ्यात खुर्चीएवढी जागा कोरून देणारा तो म्हातारा गाडी जुंपून विश्वासाने येईल आणि त्याला फाटकातून परत जावं लागेल, हे डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"अबे, शेरा," उस्मान म्हणाला.

नितेशला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्याने कारकुनाच्या हातून यंत्र ओढून घेतलं आणि समोरच्या भरल्या गाडीवर चढला. पाय गुडघ्यापर्यंत कापसात रुतले, एक बूट आतच राहिला. यंत्रात मराठी अक्षरं नव्हती, म्हणून काडीने टोचून टोचून त्याने इंग्रजी अक्षरांत लिहिलं, जमुना फोन ठेव. आणि पाठवलं. एकशे बावन्न. नेट एक दांडी दाखवत होतं. त्याने यंत्र डोक्यावर धरलं. एकशे साठ. गेलं.

हा निरोप फक्त जमुनाच्या पडद्यावर उमटला नाही. अमरावतीला मुख्य कचेरीत संचालकांसाठी मोठा पडदा लावला होता, त्याच्यावर उमटला. वलगावच्या केंद्रावरही उमटला. मुख्य कचेरीत तो वरून आलेला आदेश समजून दोन कारकुनांनी हातातले फोन खाली ठेवले, आणि जमुना नावाची कोणती योजना आहे याची फाईल शोधायला सुरुवात झाली. ते पुढे आठवडाभर चाललं.

एकशे एकोणसत्तरला घरचा फोन लागला.

"अहो, पडद्यावर माझं नाव आलं," जमुना घाबऱ्या आवाजात म्हणाली. "झालं काय?"

"बाबांच्या बैलांची नावं सांग."

"काहून?"

"जमुना, सांग."

"एकाचं भुऱ्या."

"आणि दुसऱ्याचं?"

एकशे ब्याऐंशी, नत्थुजी म्हणाला.

"तुमी राग नका मानू," जमुना हळूच म्हणाली. "आपल्या लग्नाच्या वर्सी घेतला होता. गोरापान, देखना. सगळे त्याले पाहाले यायचे. म्हनून बाबानं लाडानं नाव ठेवलं. इंजिनेर."

नितेश भरल्या गाडीवर एका बुटाने उभा होता. अकरा वर्षांच्या सगळ्या सकाळी एकदम त्याच्या कानात पुकारल्या गेल्या. विद्येचा मान म्हणून पांघरूण ओढून ऐकलेला तो एकेक पुकारा कोणाला होता, ते त्याला त्या क्षणी समजलं. खाली अडीचशे माणसं वर पाहत होती आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ते आधीपासून माहीत होतं. नत्थुजीने वही मिटून पेन्सिल थांबवली होती. फोन ठेवून निघून जावं, असं एक क्षण नितेशला फार वाटलं.

"भुऱ्या," तो मोठ्याने म्हणाला, "आणि इंजिनेर."

रांग हसली. पोट धरून, गाड्यांच्या चाकांना टेकून हसली. एकाने ओरडून सांगितलं की तो बैल खाते लय आणि लोखंड दिसलं की पाय रोवून उभा रायते. नत्थुजी मात्र हसला नाही. त्याने वहीची पानं मागे उलटली, त्र्याऐंशीसमोर खूण केली आणि बाजूला दोन शब्द लिहिले. नितेशने खाली उतरून वाचले. घरचा मानूस, असं लिहिलं होतं.

खरं तर त्याचं काम झालं होतं. पण वहीवर निळ्या रेघा दिसत होत्या, सत्त्याहत्तर, एकोणऐंशी आणि पुढे कितीतरी. ती माणसं त्याच्याच शब्दावर घरी गेली होती. कापसातून काढलेला बूट हातात घेऊन नितेश नत्थुजीसमोर उभा राहिला आणि म्हणाला की चूक त्यांची नाही, माझी आहे. मी हजेरी काढली आणि कोणाला विचारलं नाही. रांगेतले थंडीत पडून राहिलेले लोक कुरकुरले. त्यांचंही खोटं नव्हतं.

नत्थुजीने बराच वेळ तंबाखू मळली. "मले तरी कुठं विचारलं?" तो शेवटी म्हणाला. मग त्याने रांगेकडे वळून निकाल दिला की चुकी मानसायची नाई, जवायाची हाय. आजची हजेरी माफ. संध्याकाळी पाचला पुन्हा पुकारीन, तवर येतील ते येतील.

नितेश पुन्हा गाडीवर चढला आणि शेऱ्यात लिहिलं की पाच वाजता हजेरी आहे, सर्वांना बोलाव. जमुनाकडे सगळ्यांचे नंबर होते. गुरुवारी वैतागून तिने ते पोळपाटाशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले होते. तिने एकेकाला फोन केला. ज्यांचे फोन बंद होते त्यांच्या शेजाऱ्यांना केला. चार वाजल्यापासून गाड्या फाटकात येऊ लागल्या, आणि पाचच्या हजेरीला एक्केचाळीसपैकी अडतीस हाजर निघाले. रामराव त्यांत होते. फाटकापासून रांगेपर्यंत येता येता त्यांना सगळी हकीकत पाच जणांनी सांगितली होती. त्यांनी जावयाशी हवापाण्याचं बोलून घेतलं, बैलांकडे पाहिलं नाही, आणि बैलांची नावं तर त्यांच्या तोंडून निघालीच नाहीत. त्या रात्री जावई सासऱ्याशेजारी गाडीखाली झोपला, आणि थंडी कशी असते ते त्याला कळलं.

शनिवारी साडेअकराला त्र्याऐंशी लागला. बाराला काटा बंद व्हायचा होता. मागे अजून दोन-तीन गाड्यांना आशा होती. काट्याची लोखंडी पाटी जमिनीपासून वीतभर उंच होती. भुऱ्याने तिच्यावर पाय ठेवला. दुसऱ्याने पाटी पाहिली आणि चारी पाय रोवून उभा राहिला.

रामरावांनी हुर्र केलं, हो-हो केलं, पाठीवर थाप मारली, शेपटी पिळली. बैल हलेना. तो कशाने हलतो हे त्यांना ठाऊक होतं, सगळ्या रांगेला ठाऊक होतं, पण जावयाच्या देखत ते तोंडातून काढायला म्हातारा तयार नव्हता. अकरा चाळीस झाले. मागचे लोक ओरडू लागले. पुंजाजी घड्याळ दाखवू लागले. रामरावांचा चेहरा लाल झाला होता आणि ते नुसते चक-चक करत होते.

नितेश पुढे गेला. त्याने कासरा सासऱ्यांच्या हातातून घेतला आणि बैलाच्या कानाशी तोंड नेलं.

"चाल रे इंजिनेर," तो म्हणाला.

बैलाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, फुरफुरला आणि गाडी पाटीवर चढली. कोणी हसलं नाही. कारकुनाने यंत्रात वजन टोचलं. रामराव मफलरने तोंड पुसत पुसत जवळ आले.

"नाव बदलतो आता त्याचं," ते खाली बघत म्हणाले.

"नका बदलू, बाबा," नितेश म्हणाला. "त्याच नावावर आपली हजेरी लागली."